‘उत्तम’ यकृताची वाट पाहताना

‘डॉक्टर, मिळणारं लिव्हर चांगलं असेल ना?’ यकृत प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीत ज्यांचे नाव आहे, त्या प्रत्येक कुटुंबाच्या मनात हा प्रश्न असतो. काही जण तो विचारतात, काही जण संकोचाने मनातच ठेवतात. प्रश्न अगदी रास्त आहे. पण त्याचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ अशा एका शब्दात देता येत नाही. शिवाय, मध्यरात्री रुग्णालयातून फोन आल्यावर, तासाभरात निर्णय कळवायचा असताना हे उत्तर शोधायला बसणे म्हणजे उशीर झालेला असतो.

प्रत्यारोपणासाठी देऊ केलेल्या यकृतांपैकी काही ‘जोखमीची’ समजली जातात. दाता साठी-सत्तरीचा असतो, यकृतात चरबी साठलेली असते, दात्याला कधीकाळी हिपॅटायटिसचा संसर्ग झालेला असतो किंवा अवयव दुसऱ्या शहरातून यायला वेळ लागणार असतो. अशी यकृते सरसकट नाकारणे चूक आहे आणि सरसकट वापरणेही चूक आहे. कोणते यकृत, कोणत्या रुग्णासाठी आणि रुग्णाला काय सांगून, या तीन प्रश्नांची उत्तरे एकत्र मिळाली तरच निर्णय योग्य ठरतो. पहिल्या दोन प्रश्नांवर वैद्यकशास्त्राने गेल्या वीस वर्षांत बराच अभ्यास केला आहे. तिसरा प्रश्न आपल्याकडे अजून मागे राहिला आहे.

मुळात हा पेच उभा राहतो तो टंचाईमुळे. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ मध्ये झाला आणि भारतात यशस्वी यकृत प्रत्यारोपणे १९९८ पासून सुरू झाली. २०२३ या एका वर्षात देशात सर्व अवयवांची मिळून १८ हजारांहून अधिक प्रत्यारोपणे झाली. मात्र मृत्यूनंतर अवयव देणारे दाते होते सुमारे १,१००. दहा लाख लोकसंख्येमागे हे प्रमाण एकही भरत नाही. स्पेनमध्ये ते ४५ हून अधिक आहे. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रे, म्हणजे ‘झेडटीसीसी’, मेंदूमृत दात्यांचे अवयव यादीनुसार देण्याचे काम करतात. यादी लांब आहे आणि दाते थोडे आहेत. मूत्रपिंड निकामी झालेल्याला डायलिसिसवर काही वर्षे काढता येतात. यकृताला तसा पर्याय नाही. पोटात पाणी साठणे, रक्ताच्या उलट्या, मेंदूवर परिणाम होऊन येणारी गुंगी अशी दुखणी सुरू झाली की यादीतला माणूस कधी हाताबाहेर जाईल, हे कोणीच सांगू शकत नाही.

आता ‘जोखमीचे’ म्हणजे काय, ते पाहू. यात दोन वेगळे प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत होऊ देता कामा नये. पहिला प्रकार यकृताच्या दर्जाचा. हे यकृत नव्या शरीरात लगेच काम करू लागेल का आणि वर्षानुवर्षे टिकेल का, हा तिथला प्रश्न. दुसरा प्रकार संसर्गाचा. दात्याचा एखादा आजार यकृताबरोबर रुग्णाच्या शरीरात जाईल का, हा तिथला प्रश्न.

दर्जात पहिला मुद्दा येतो वयाचा. सत्तर वर्षांच्या माणसाचे यकृत म्हटले की नातेवाईकांच्या कपाळावर आठ्या पडतात. पण यकृत हा इतर अवयवांच्या मानाने सावकाश म्हातारा होणारा अवयव आहे. त्याच्या पेशी नव्याने तयार होत राहतात. इटली आणि स्पेनमध्ये ऐंशी वर्षांवरील दात्यांचीही निवडक यकृते वापरली जातात. वयामुळे जोखीम वाढते हे खरे. पण वय ही अनेक बाबींतली एक बाब आहे. तेवढ्यावरून यकृत टाकाऊ ठरत नाही.

दुसरा मुद्दा चरबीचा, आणि तो आपल्यासाठी अधिक महत्त्वाचा आहे. दात्याच्या शरीरातून काढलेले यकृत थंड द्रावणात ठेवून आणले जाते. नंतर त्यात पुन्हा रक्त सुरू होते, तेव्हा पेशींना मोठा धक्का बसतो. पेशींत चरबीचे मोठे थेंब भरलेले असतील, तर हा धक्का त्यांना सोसत नाही. साधारणपणे तीस टक्क्यांपर्यंत चरबी असलेले यकृत वापरता येते. तीस ते साठ टक्क्यांमध्ये रुग्ण आणि बाकीची परिस्थिती पाहून ठरवावे लागते. साठ टक्क्यांच्या वर धोका फार मोठा असतो. हे प्रमाण सोनोग्राफीवरून नेमके कळत नाही. शल्यविशारदाचा अनुभवी हात आणि वेळ असल्यास बायोप्सी यांवरच भिस्त ठेवावी लागते. मधुमेह आणि वाढलेला पोटाचा घेर घरोघरी दिसणाऱ्या आपल्या देशात फॅटी लिव्हर फार मोठ्या संख्येने आढळते. दातेही याच समाजातून येतात.

तिसरा मुद्दा वेळेचा. यकृत शरीराबाहेर जितके तास राहील, तितके नुकसान वाढते. एकाच शहरातला अवयव आणि पाचशे किलोमीटरवरून रस्त्याने येणारा अवयव यांत फरक पडतो. वयस्क दाता, चरबी आणि लांबचा प्रवास या तीन गोष्टी एकत्र आल्या, की एकेकटी चालून जाणारी जोखीम फार वाढते. म्हणूनच एकाच आकड्यावर बोट ठेवून ‘चालेल’ किंवा ‘चालणार नाही’ असे म्हणता येत नाही.

संसर्गाच्या बाबतीत तर गेल्या दशकात चित्र पार पालटले आहे. ज्या दात्याला पूर्वी हिपॅटायटिस बी होऊन गेला आहे, त्याचे यकृत घेतल्यास रुग्णाला रोज गोळी घ्यावी लागते, पण ती घेतल्यास विषाणू सहसा डोके वर काढत नाही. हिपॅटायटिस सी असलेल्या दात्याचे यकृत निरोगी रुग्णाला देणे पूर्वी अविचाराचे ठरले असते. २०१३ नंतर आलेल्या नव्या गोळ्यांनी हा आजार साधारण बारा आठवड्यांत, शंभरापैकी ९५ हून अधिक रुग्णांत पूर्ण बरा होतो. त्यानंतर अमेरिकेत अशा अवयवांचा वापर झपाट्याने वाढला. भारतात या गोळ्या २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात मोफत मिळतात.

याहून पुढचे उदाहरण दक्षिण आफ्रिकेतले आहे. २०१७ मध्ये जोहान्सबर्ग येथे एचआयव्हीबाधित आईने आपल्या यकृताचा तुकडा स्वतःच्या एचआयव्हीमुक्त बाळाला दिला. बाळ सुमारे सहा महिने यादीत होते आणि मृत्यूच्या दारात होते. शस्त्रक्रियेआधीच त्याला प्रतिबंधक औषधे सुरू केली गेली. वर्षभरानंतरच्या तपासण्यांतही त्याच्या रक्तात विषाणू सापडला नाही. हा काही रोजचा मार्ग नव्हे. पण त्या डॉक्टरांनी हिशेब कसा मांडला, तो लक्षात घ्यावा. एका बाजूला औषधांनी आटोक्यात राहू शकणारा संसर्ग होता आणि दुसऱ्या बाजूला मृत्यू होता.

खरे तर सगळा विषय या हिशेबाचाच आहे. देऊ केलेल्या यकृताची तुलना आपण मनातल्या मनात एका निर्दोष, तरुण यकृताशी करतो. पण त्या रात्री ते निर्दोष यकृत कुठेच उपलब्ध नसते. तुलना करायची ती ‘आज हे घेणे’ आणि ‘आज नकार देऊन वाट पाहणे’ यांची. वाट पाहण्यालाही जोखीम असते, फक्त ती संमतिपत्रावर छापलेली नसते.

ही जोखीम मोजण्यासाठी डॉक्टर ‘मेल्ड’ नावाचा गुणांक वापरतात. बिलिरुबिन, क्रिएटिनिन आणि रक्त गोठण्याची चाचणी यांवरून ६ ते ४० पर्यंतचा हा आकडा निघतो. पुढे त्यात सोडियमचीही भर पडली. आकडा जितका मोठा, तितका पुढच्या तीन महिन्यांत मृत्यूचा धोका जास्त. चाळिशीला पोहोचलेल्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक जण प्रत्यारोपणाशिवाय तीन महिने काढू शकत नाहीत. अमेरिकेतील प्रतीक्षायादीच्या नोंदींवर आधारलेला एक महत्त्वाचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसले ते असे : ज्यांचा मेल्ड २० किंवा त्याहून जास्त आहे, त्यांना जोखमीचे यकृत मिळाले तरी वाट पाहत राहण्यापेक्षा जगण्याची संधी वाढते. पण मेल्ड अगदी कमी असलेल्या, तुलनेने बऱ्या रुग्णाला असे यकृत बसवले, तर फायद्यापेक्षा तोटाच होतो. म्हणजे तेच यकृत एकाला जीवदान ठरते आणि दुसऱ्याला संकटात टाकते.

२०१२ मधल्या आणखी एका अमेरिकी अभ्यासाने सगळ्यांनाच विचारात पाडले. यादीत असताना जे रुग्ण दगावले किंवा फार खालावल्यामुळे ज्यांचे नाव काढावे लागले, त्यांच्यापैकी ८४ टक्के जणांना त्याआधी किमान एकदा यकृत देऊ करण्यात आले होते. ‘अवयवच मिळाला नाही’ असे त्यांच्याबाबतीत म्हणता येत नव्हते. अवयव आला होता, पण कोणीतरी ‘यापेक्षा चांगला येईल’ असे म्हणून तो परत पाठवला होता. असे नकार बहुतांश वेळा रुग्ण देत नसतो, त्याच्या वतीने डॉक्टरांचा गट देतो.

मात्र हे आकडे जसेच्या तसे उचलून आपल्याकडे लावणे बरोबर नाही. आपली परिस्थिती तीन बाबतींत वेगळी आहे. एक, बसवलेले यकृत चाललेच नाही, तर काही दिवसांत दुसरे मिळावे लागते. दाते इतके कमी असताना ती आशा फार धूसर असते. दोन, जोखमीचे यकृत सुरुवातीचे दिवस सुस्त राहू शकते. मग आयसीयूतला मुक्काम लांबतो, डायलिसिस लागते आणि पुढे पित्तनलिका आकसण्याचे त्रासही उद्भवू शकतात. खासगी रुग्णालयात आधीच वीस लाखांच्या पुढे जाणाऱ्या खर्चात ही भर कुटुंबाला कर्जात बुडवू शकते. तीन, आपल्याकडील बहुसंख्य यकृत प्रत्यारोपणे जिवंत नातेवाइकाच्या यकृताचा भाग घेऊन होतात.

हा तिसरा मुद्दा फार क्वचित बोलला जातो. मेंदूमृत दात्याचे यकृत ‘जरा जोखमीचे’ म्हणून नाकारले, की जोखीम नाहीशी होत नाही. अनेकदा ती घरातल्या निरोगी माणसाच्या पोटावर येते. यकृताचा उजवा भाग देणाऱ्या दात्याच्या मृत्यूची शक्यता हजारात दोन ते पाच इतकी सांगितली जाते. आकडा लहान आहे, पण तो एका धडधाकट माणसाचा आहे. आणि ते माणूस बहुधा कोण असते? आपल्या देशात जिवंत दात्यांमध्ये स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा जास्त आहे. पत्नी, आई, बहीण पुढे होतात, त्यात प्रेम असते आणि काही वेळा न बोललेला दबावही असतो. म्हणून ‘जोखमीचे यकृत नको, घरचेच घेऊ’ असे म्हणताना घरच्या दात्याची जोखीमही त्याच तराजूत टाकली पाहिजे. उलट बाजूही तितकीच खरी आहे. रुग्ण फार गंभीर असेल, दाता स्वखुशीने तयार असेल आणि मिळालेले यकृत चरबीने भरलेले असेल, तर घरच्या दात्याचा पर्याय अधिक शहाणपणाचा ठरू शकतो.

यंत्रांमुळे पुढच्या काळात हा पेच थोडा सुटेल. यकृत बर्फात ठेवण्याऐवजी यंत्रावर ठेवून त्यातून ऑक्सिजनयुक्त द्रव किंवा रक्त फिरवत राहायचे, ही ती पद्धत. यात नुकसान कमी होते आणि यकृत काम करते आहे का, पित्त तयार होते आहे का, हे बसवण्यापूर्वीच पाहता येते. बर्मिंगहॅम येथील २०२० मधल्या अभ्यासात सर्वांनी नाकारलेली ३१ यकृते यंत्रावर तपासली गेली. त्यांपैकी २२ वापरण्याजोगी निघाली आणि ती मिळालेले सर्व रुग्ण पहिल्या नव्वद दिवसांत जिवंत राहिले. काहींना पुढे पित्तनलिकेचा त्रास झाला, हेही त्याच अभ्यासात नोंदवले आहे. अशी यंत्रे आणि त्यांचे साहित्य महाग आहे. प्रत्येक रुग्णालयाने आपापले यंत्र घेण्यापेक्षा विभागीय पातळीवर एक सामायिक सोय उभी करणे सरकारला जास्त परवडेल. त्यासाठी येणारा खर्च आणि वाया जाणारी यकृते यांचा हिशेब एकदा मांडला पाहिजे.

पण यंत्र येईपर्यंत थांबायला नको अशी एक गोष्ट आहे, ती म्हणजे रुग्णाशी वेळेवर बोलणे. आपल्याकडे प्रत्यारोपणाची संमती अनेकदा शस्त्रक्रियेच्या काही तास आधी, इंग्रजी छापील कागदांच्या गठ्ठ्यावर सह्या घेऊन पार पडते. त्या घाईत ‘दाता ६८ वर्षांचा असून यकृतात मध्यम चरबी आहे’ या वाक्याचा अर्थ समजून घ्यायला कोणाला उसंत असणार? जोखमीच्या अवयवांविषयी पहिले बोलणे यादीत नाव घालतानाच झाले पाहिजे. ते रुग्णाच्या भाषेत, लेखी आणि नातेवाइकांसमोर व्हावे. रुग्णाचा मेल्ड आज किती आहे, वाट पाहिल्यास काय होऊ शकते, कोणत्या प्रकारचे यकृत त्याच्यासाठी स्वीकारण्याजोगे आहे आणि कोणते मुळीच नाही, हे त्यात असावे. प्रकृती बदलली की हे बोलणे पुन्हा व्हावे; कारण मेल्ड १४ असताना दिलेला नकार मेल्ड २८ झाल्यावर तसाच ठेवणे धोक्याचे आहे. दात्याची ओळख गुप्त राहिलीच पाहिजे, पण यकृताची स्थिती रुग्णापासून लपवण्याचे काही कारण नाही.

शब्दांचीही काळजी घ्यायला हवी. अमेरिकेत संसर्गाची थोडी शक्यता असलेल्या दात्यांवर ‘वाढीव जोखमीचा दाता’ असा शिक्का मारला जाई. प्रत्यक्ष संसर्गाची शक्यता अतिशय कमी असूनही केवळ त्या शिक्क्यामुळे चांगले अवयव नाकारले जात. अखेर २०२० मध्ये तिथल्या सरकारने तो शिक्काच काढून टाकला. माहिती द्यायची, पण भीतीदायक नाव द्यायचे नाही, असे ठरले. आपण ‘मार्जिनल लिव्हर’, ‘सेकंड क्लास लिव्हर’ असे शब्द वॉर्डात सहज वापरतो. ऐकणाऱ्याला वाटते, आपल्याला खालच्या दर्जाचा माल दिला जातो आहे.

आणि ही शंका केवळ गैरसमज ठरावी, याची जबाबदारी व्यवस्थेची आहे. सरकारी रुग्णालयात येणारा रुग्ण आधीच उशिरा आलेला असतो. तपासण्यांचा खर्च, शहरातला मुक्काम, बुडालेली रोजंदारी यांतून तो यादीपर्यंत पोहोचतो, तेव्हा वाटाघाटी करण्याचे बळ त्याच्यात उरलेले नसते. जोखमीची यकृते अशाच रुग्णांच्या वाट्याला आणि निवडक यकृते पैसेवाल्यांच्या वाट्याला, असे कधीही होता कामा नये. ते होत नाही, हे दाखवण्याचा एकच मार्ग आहे : नोंदी उघड ठेवणे. कोणत्या केंद्राने किती यकृते नाकारली, कोणत्या कारणासाठी नाकारली, स्वीकारलेल्या जोखमीच्या यकृतांचे एका वर्षानंतर काय झाले, ही माहिती नियमितपणे आणि सर्वांना वाचता येईल अशी प्रसिद्ध व्हावी. मात्र केंद्राची पारख केवळ यशाच्या टक्केवारीवर करू नये. तसे केले तर डॉक्टर अवघड रुग्ण आणि अवघड यकृत दोन्ही टाळतील. त्यांचा आकडा चांगला दिसेल, यादीतली माणसे मात्र जातील.

या सगळ्यात आणखी एक कुटुंब असते, दात्याचे. कायद्यानुसार डॉक्टरांच्या समितीने सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासण्या करून मेंदूमृत्यू निश्चित केल्यावर, उरात दुःख घेऊन ते होकार देतात. त्यांच्या माणसाचे यकृत वापरता आले नाही, तर त्याचे कारण तरी नीट विचारांती ठरलेले असावे. सवयीने किंवा भीतीने दिलेला नकार हा त्या होकाराचा अवमान आहे.

यादीत असलेल्या वाचकांनी आणि त्यांच्या घरच्यांनी पुढच्या भेटीत डॉक्टरांना चार प्रश्न जरूर विचारावेत. माझा मेल्ड आज किती आहे? मी वाट पाहिली तर पुढच्या तीन महिन्यांत काय होऊ शकते? कोणत्या प्रकारच्या जोखमीचे यकृत तुम्ही माझ्यासाठी स्वीकाराल? आणि माझ्या नावावर आलेले यकृत नाकारले गेले, तर ते मला सांगितले जाईल का? हे विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणे नव्हे. निर्णय रुग्णाच्या आयुष्याचा आहे, त्यात त्याचा आवाज असायला हवा.

जे यादीत नाहीत, त्यांच्यासाठीही एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. वाढते वजन, मधुमेह आणि दारू यांमुळे आज यकृताचे रुग्ण वाढत आहेत, आणि त्याच कारणांनी उद्याच्या दात्यांची यकृतेही बिघडत आहेत. आपले यकृत सांभाळणे आणि अवयवदानाची इच्छा घरच्यांना स्पष्ट सांगून ठेवणे, या दोन गोष्टी आपल्या हातात आहेत. दाते वाढले, तर कोणते यकृत जोखमीचे आणि कोणते नाही, हा पेचही आज इतका जीवघेणा राहणार नाही.